काळा धागा

१९३७ साली अंधेरीतल्या एका स्टुडिओत खोलीतल्या वस्तू आपोआप हलू लागल्या. माणूस कुठेच नाही आणि वस्तू उचलल्या जाताहेत, हवेत तरंगताहेत. स्टुडिओ होता विजय भट्ट आणि शंकरभाई भट्ट या भावांच्या प्रकाश पिक्चर्सचा, चित्रपट होता 'ख्वाब की दुनिया', आणि वस्तू हलवणारा होता सुरतेहून आलेला बाबूभाई मिस्त्री नावाचा कोवळा पोरगा. हॉलिवूडच्या 'द इन्व्हिजिबल मॅन'वरून भट्टांनी अदृश्य माणसाचा चित्रपट काढायचं मनावर घेतलं होतं. बाबूभाईंनी मागे काळा पडदा लावला, वस्तूंना काळा दोरा बांधला, दोऱ्यावर उजेडाची तिरीपही पडणार नाही असे दिवे लावून घेतले आणि दोरा ओढला. त्यावरून त्यांना कायमचं नाव पडलं : 'काला धागा'.

हा अदृश्य माणूस मुंबईच्या सिनेमाला इतका मानवला की 'मिस्टर एक्स', 'मिस्टर एक्स इन बॉम्बे', 'मिस्टर इंडिया' अशी त्याची वहिवाटच पडली. डबल रोलची युक्तीही त्याच घराण्यातली. भिंगाचा अर्धा भाग झाकणारी काळी पट्टी लावायची, उघड्या अर्ध्यात नटाला उभं करून शॉट घ्यायचा. मग फिल्म मोजून त्याच चौकटीपर्यंत मागे गुंडाळायची, पट्टी दुसऱ्या बाजूला सरकवायची, नटाचे कपडे बदलायचे आणि पुन्हा शॉट. दोन्ही वेळा कॅमेरा केसभरही हलता कामा नये. हलला, की दोन जुळ्या भावांच्या मधोमध एक रेघ थरथरू लागायची आणि पुढच्या बाकांवरून शिट्ट्या सुरू व्हायच्या.

या साऱ्या करामतींना एक गोष्ट मात्र लागायचीच. नट सेटवर हजर हवा.

तोच गेला तर काय, हा प्रश्न मुंबईत फार लवकर आणि फार वेळा उभा राहिला. त्याला कारण इथल्या कामाची पद्धत. इथला लोकप्रिय नट एका वेळी एकच चित्रपट कधी करत नसे. सकाळची शिफ्ट अंधेरीला, दुपारची गोरेगावला फिल्मिस्तानात, संध्याकाळी आणखी कुठे. एकेकाच्या नावावर दहा-पंधरा चित्रपट अर्धवट लोंबकळत असायचे. निर्मात्याने पैसा व्याजाने उचललेला, वितरकांनी आपापल्या विभागाचे हक्क आगाऊ घेतलेले, सेट भाड्याने उभा. असा नट अचानक गेला की शोकसभेला जमलेल्यांपैकी निम्मे लोक मनातल्या मनात रिळं मोजत असणार.

या संकटाने के. आसिफ यांची पाठ जशी धरली तशी दुसऱ्या कुणाची धरली नसेल. 'मुग़ल-ए-आज़म'चा त्यांचा पहिला अकबर पृथ्वीराज कपूर नव्हते, चंद्रमोहन होते. शांतारामबापूंनी 'अमृतमंथन'च्या हिंदी आवृत्तीत ज्यांच्या एका डोळ्याने अख्खा पडदा भरून टाकला होता ते. फाळणीनंतर चित्रपटाचा भांडवलदार पाकिस्तानात गेला आणि १९४९ साली चंद्रमोहनही गेले. झालेलं चित्रण बाजूला ठेवून आसिफनी नव्या नटसंचासह पहिल्यापासून सुरुवात केली. अंधेरीच्या मोहन स्टुडिओत शीशमहाल उभा राहिला आणि ५ ऑगस्ट १९६० रोजी चित्रपट लागला. पुढचा चित्रपट 'लव्ह अँड गॉड'. त्यात मजनू म्हणून घेतले गुरुदत्त यांना. १० ऑक्टोबर १९६४ रोजी गुरुदत्त गेले. त्यांच्या जागी संजीव कुमार आले. मग १९७१ मध्ये खुद्द आसिफच गेले. रिळं डब्यात पडून राहिली. आसिफ यांच्या पत्नी अख्तर आणि निर्माते के. सी. बोकाडिया यांनी ती ठिगळं लावत जोडली आणि १९८६ साली 'लव्ह अँड गॉड' पडद्यावर आला, तोवर संजीव कुमारही हयात नव्हते. दोन मजनू आणि एक दिग्दर्शक गमावून पूर्ण झालेला असा चित्रपट दुसरा सापडणं कठीण.

गुरुदत्त यांचा स्वतःचा 'बहारें फिर भी आएंगी'ही अर्धा राहिला होता. तिथे धर्मेंद्र आले, गुरुदत्त यांचे प्रसंग नव्याने चित्रित झाले आणि १९६६ मध्ये तो प्रदर्शित झाला. ही पहिली रीत : माणूस बदला, खर्च सोसा. ती फक्त काम थोडं झालेलं असेल तरच परवडायची.

काम बरंच झालेलं असेल तर दुसरी रीत, आणि ती मुंबईच्या हाडीमाशी खिळलेली. नट पाठमोरा दाखवा. मधुबालाचा 'ज्वाला' पन्नाशीच्या दशकाअखेर सुरू झाला होता. फेब्रुवारी १९६९ मध्ये ती गेली आणि चित्रपट १९७१ मध्ये लागला तो काही प्रसंगांत दुसऱ्याच बाईला उभं करून. अशा प्रसंगांची भाषा ओळखायला फार वेळ लागत नाही. नायिका एकाएकी खिडकीकडे तोंड करून बोलू लागते, पदर डोक्यावरून पुढे ओढलेला असतो, कॅमेरा खांद्यामागून हलत नाही, आणि समोरचा नट दोघांच्या वाटचा अभिनय एकटाच करत राहतो. अशा उभ्या राहणाऱ्या माणसाला धंद्यात 'डुप्लिकेट' म्हणत. उडी मारणारा, घोड्यावरून पडणारा तोही डुप्लिकेट आणि नुसता दिसायला सारखा तोही डुप्लिकेट. या जमातीने एकदा स्वतःचाच चित्रपट काढला : १९९१ चा 'रामगढ के शोले'. अमिताभपासून देव आनंदपर्यंत सगळे नकली आणि गब्बर मात्र अस्सल अमजद खान. तो अपवाद. एरवी डुप्लिकेटचं नाव श्रेयनामावलीत शोधायला जाऊ नये.

चेहरा असा झाकता येतो, आवाज येत नाही. हिंदी चित्रपटांत कित्येक वर्षं सेटवरचा आवाज केवळ खुणेपुरता असायचा. त्याला पायलट ट्रॅक म्हणत. खरे संवाद नंतर डबिंगच्या अंधाऱ्या खोलीत व्हायचे. दृश्याच्या फिल्मचा तुकडा टोकाला टोक जोडून गोल केलेला, तो प्रोजेक्टरमधून पुन्हा पुन्हा फिरतोय, आणि नट कानाला हेडफोन लावून पडद्यावरच्या आपल्याच ओठांशी ओठ जुळवतोय. त्याला लूप म्हणायचे. म्हणजे चित्रण संपवून नट गेला तरी तो निम्माच पडद्यावर पोचलेला असायचा. स्मिता पाटील १३ डिसेंबर १९८६ रोजी गेली, तेव्हा तिचे कितीतरी चित्रपट असे मुके पडून होते. त्यातल्या 'वारिस'ला, जो १९८८ मध्ये लागला, आवाज दिला रेखाने. दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचणारी म्हणून स्मिताचा आवाज घराघरांत ठाऊक होता. त्या चेहऱ्यातून रेखाचा आवाज येताना ऐकणं मराठी कानाला आजही चमत्कारिक वाटतं.

संजीव कुमार ६ नोव्हेंबर १९८५ रोजी गेले, वयाच्या ४७ व्या वर्षी. त्यांच्या पश्चात दहाहून अधिक चित्रपट लागले. सगळ्यात शेवटचा 'प्रोफेसर की पडोसन', १९९३ चा. उत्तरार्धाचं चित्रण राहिलेलं, म्हणून पटकथाच बदलली. प्राध्यापकमहाशय अदृश्य होतात! नायक दिसत नाही, त्याचा आवाज तेवढा ऐकू येतो, आणि तो आवाज आहे सुदेश भोसले यांचा. अमिताभच्या आवाजात 'हम'मधलं गाणं म्हणून महाराष्ट्रभर गाजलेले भोसले ते हेच. गंमत दिग्दर्शकाच्या नावात आहे. शांतिलाल सोनी. १९६४ चा 'मिस्टर एक्स इन बॉम्बे' यांनीच केला होता. जिवंत किशोर कुमारला अदृश्य करताना जे हात बसले, ते तीस वर्षांनी एका गेलेल्या नटाच्या कामी आले. बाबूभाईंचा काळा धागा इतका लांब पोचला.

त्याच १९९३ सालातला एक आठवडा या सगळ्या इतिहासात वेगळा काढून ठेवण्यासारखा आहे. ३१ मार्चला अमेरिकेत 'द क्रो'च्या सेटवर पिस्तुलाच्या अपघातात ब्रँडन ली हा नट दगावला. वय २८. पाच दिवसांनी, ५ एप्रिलच्या रात्री, अंधेरीत वर्सोव्याला पाचव्या मजल्यावरच्या घरातून पडून दिव्या भारती गेली. वय १९. दोघांचेही चित्रपट अर्धे.

हॉलिवूडने ब्रँडन लीचा चेहरा आधीच्या चित्रणातून उचलला आणि संगणकावर त्याच्या डुप्लिकेटच्या धडावर बसवला. तो डुप्लिकेट, चॅड स्टाहेल्स्की, पुढे 'जॉन विक'चा दिग्दर्शक झाला. १९९४ मध्ये 'द क्रो' लागला आणि मेलेल्या नटाला संगणकाने पुरं करण्याचा रस्ता पडला.

मुंबईने काय केलं? जे ती आधीपासून करत आली होती तेच, फक्त सगळं एकदम. 'रंग' आणि 'शतरंज' चित्रित झाले होते, त्यांना दुसऱ्या कलावतीचा आवाज लावला. 'लाडला'चं बरंच काम झालं होतं, तरी ते बाजूला सारून श्रीदेवीला घेतलं आणि सगळं पुन्हा चित्रित केलं. 'मोहरा'त रवीना टंडन आली. तेलुगूतल्या 'तोली मुद्दू'त दिव्यासारखी दिसणारी रंभा नावाची नवी मुलगी उरलेल्या प्रसंगांत उभी राहिली. एका मुलीच्या जागी किती जणी लागल्या ते मोजावं. 'लाडला'ची दिव्यासोबतची जुनी दृश्यं आज इंटरनेटवर सापडतात. तोच प्रसंग, तोच अनिल कपूर, समोर मात्र दुसरी नायिका. आधी दिव्याचं पाहून मग श्रीदेवीचं पाहिलं की पोटात कालवल्यासारखं होतं.

संगणक उपनगरांत आला तो यानंतर. १९९७ मध्ये नमित मल्होत्रा यांनी प्राइम फोकस सुरू केली. निर्माते नरेश मल्होत्रांचा मुलगा, छायालेखक एम. एन. मल्होत्रांचा नातू. गोरेगावच्या चित्रनगरीच्या आसपास, मालाड-अंधेरीच्या इमारतींत पोरं संगणकासमोर बसून रोटो करू लागली. रोटो म्हणजे चित्रातल्या माणसाची कड कातरणं. एका सेकंदात २४ चौकटी, एका मिनिटात १,४४०. प्रत्येक चौकटीत कानाची पाळ, कुरळ्या बटा, हलत्या बोटांमधल्या फटी हाताने रेघ मारून वेगळ्या करायच्या. जॉर्ज लुकासच्या 'स्टार वॉर्स : एपिसोड वन'ला २०१२ मध्ये त्रिमितीत नेण्याचं काम प्राइम फोकसने केलं. रोटोचा कारागीर आणि शिंप्याच्या दुकानात काजं करणारा कारागीर यांत फार अंतर नाही. चांगलं झालं तर कुणाच्या लक्षात येत नाही, फसलं तर सगळ्यांच्या.

या कातरकामाने मुंबईत पहिल्यांदा थाटात मिरवून घेतलं ते 'ओम शांति ओम'मध्ये, २००७ साली. एका गाण्यात दीपिका पदुकोण सुनील दत्त, राजेश खन्ना आणि जितेंद्र यांच्याबरोबर दिसते. दत्तसाहेबांचं चित्रण १९६६ च्या 'आम्रपाली'तलं. त्यातल्या वैजयंतीमालाच्या जागी दीपिका बसवली. राजेश खन्ना आणि जितेंद्र तेव्हा हयात होते, सुनील दत्त मात्र मे २००५ मध्येच गेले होते. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. कुणी 'हे चालतं का' असं विचारल्याचं फारसं आठवत नाही, कारण चित्रपटच एका मेलेल्या ज्युनियर आर्टिस्टच्या पुनर्जन्माचा होता आणि गाणं उघडउघड गंमतीचं.

परदेशात तोवर गंमत मागे पडली होती. लांबलचक मालिका-चित्रपटांत पात्र ही कंपनीची मिळकत असते, नट येतो-जातो. 'रोग वन'मध्ये २०१६ साली, १९९४ ला वारलेले पीटर कुशिंग परत आले. सेटवर प्रत्यक्षात गाय हेन्री नावाचा नट वावरत होता, वरून कुशिंगचा चेहरा. 'फास्ट अँड फ्युरियस'च्या सातव्या भागात पॉल वॉकरच्या जागी त्याचे दोन सख्खे भाऊ उभे राहिले. दक्षिणेने ही वाट पटकन धरली : कन्नडमध्ये विष्णुवर्धन २००९ मध्ये गेले आणि २०१६ च्या 'नागरहावू'त दिसले, २०२४ मध्ये तमिळ 'इंडियन २'त विवेक आणि नेदुमुडी वेणू, 'द ग्रेटेस्ट ऑफ ऑल टाइम'मध्ये विजयकांत.

गोरेगावच्या चित्रनगरीत मात्र एक फार मोठी, रोज चालणारी मालिका आहे आणि तिने संगणकाकडे पाहिलंही नाही. 'तारक मेहता का उल्टा चश्मा'ची गोकुळधाम सोसायटी. २०१८ मध्ये डॉ. हाथी साकारणारे कवी कुमार आझाद गेले, निर्मल सोनी आले. २०२१ मध्ये नट्टू काका, म्हणजे भवाईच्या परंपरेतले घनश्याम नायक गेले. काही महिन्यांनी निर्माते असितकुमार मोदींनी किरण भट्ट यांना नवे नट्टू काका म्हणून प्रेक्षकांपुढे आणलं. लोकांनी कुरकुर केली आणि बघणं चालू ठेवलं.

ही रीत नाटकाची. आचार्य अत्र्यांच्या 'मोरूची मावशी'तली मावशी आधी बापूराव मान्यांची होती, मग १९८५ पासून विजय चव्हाणांची झाली. चव्हाण २४ ऑगस्ट २०१८ रोजी मुलुंडच्या रुग्णालयात वारले आणि पुढच्याच वर्षी भरत जाधव लुगडं नेसून उभे राहिले. मच्छिंद्र कांबळींच्या 'वस्त्रहरण'चं तेच. जाहिरातीत नवं नाव ठळक छापतात, बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहात प्रेक्षक पहिली दहा मिनिटं जुन्या नटाशी तुलना करतो, मग विसरतो. विसरला नाही तर मध्यंतरात चहा पिताना बोलून दाखवतो. तेही नाटकाचाच भाग.

सिनेमात हे धाडस एकदाच नीट जमलेलं दिसतं. ऋषी कपूर ३० एप्रिल २०२० रोजी गेले, 'शर्माजी नमकीन' अर्धा राहिला. संगणकाचा विचार झाला, रणबीरने मेकअप करून वडिलांच्या जागी उभं राहावं असाही विचार झाला, जमलं नाही. शेवटी परेश रावल यांनी उरलेले प्रसंग केले आणि २०२२ मध्ये तो चित्रपट तसाच दाखवला. एका दृश्यात शर्माजी ऋषी कपूर, पुढच्यात परेश रावल, पुन्हा ऋषी कपूर. लपवाछपवी नाही, सुरुवातीलाच रणबीर येऊन सांगतो. चौथ्या-पाचव्या अदलाबदलीनंतर डोळा तक्रार करेनासा होतो. ऋषी कपूर यांचा चेहरा कितीही सफाईने चिकटवला असता तरी रावल यांच्या त्या ओशाळ्या हसण्याची सर त्याला आली नसती.

कायदा अजून चाचपडतो आहे. अरिजित सिंगच्या आवाजाची यंत्राने केलेली नक्कल मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये रोखली. पण अरिजित जिवंत आहे. सुशांतसिंह राजपूतच्या वडिलांनी मुलाच्या आयुष्यावरच्या चित्रपटाविरुद्ध दाद मागितली, तेव्हा २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटलं की असे व्यक्तिगत हक्क माणसाबरोबरच संपतात, वारशाने येत नाहीत. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये बरोबर उलटा कायदा केला : मृत्यूनंतर ७० वर्षांपर्यंत वारसांची परवानगी हवी. आपल्याकडे ए. आर. रहमान यांनी 'लाल सलाम'साठी बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दिवंगत गायकांचे आवाज घडवले तेव्हा कुटुंबांची परवानगी घेतली, मानधन दिलं. ते त्यांच्या सौजन्यावर झालं. उलट ऑगस्ट २०२५ मध्ये 'रांझणा' तमिळमध्ये पुन्हा लागला तो शेवटी मेलेल्या नायकाला एआयने डोळे उघडायला लावून. दिग्दर्शक आनंद एल. राय आणि नायक धनुष दोघेही हयात, दोघांनीही जाहीर नापसंती दाखवली, तरी चित्रपट लागलाच.

आता मराठीची पाळी आहे. 'झपाटलेला'च्या तिसऱ्या भागात लक्ष्मीकांत बेर्डे यांना एआयच्या मदतीने पडद्यावर आणण्याचा मनोदय महेश कोठारे यांनी बोलून दाखवला आहे. लक्ष्या डिसेंबर २००४ मध्ये गेला. २०१३ च्या दुसऱ्या भागाने त्याची उणीव जुन्या रीतीने भरून काढली होती : कथा लक्ष्याच्या मुलावर नेली, आदिनाथ कोठारेला घेतलं. आता खुद्द लक्ष्याच हवा आहे. प्रेक्षकांनाही हवा असणार, यात शंका नाही. पण लक्ष्याचा विनोद चेहऱ्यात कमी आणि वेळेत जास्त होता. समोर अशोक सराफ असले की वाक्याआधी तो जी अर्धी मात्रा थांबायचा, ती कुठल्या यंत्राला कोण शिकवणार? बहुधा कुणीतरी नट सेटवर उभा राहून ती आपल्या अंगाने करून दाखवेल आणि मग त्याच्यावर लक्ष्याचा चेहरा चढेल. गाय हेन्रीसारखा.

पहिला 'झपाटलेला' १९९३ चाच. मेलेल्या गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो, अशी गोष्ट. त्या बाहुल्यालाही जिवंत माणसं लागली होती : हलवणारे रामदास पाध्ये, बोलणारे दिलीप प्रभावळकर. दोघांचीही नावं मराठी प्रेक्षकाला तोंडपाठ आहेत.